जीव विटलाय, करू काय? बर्नआऊटबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नाशिकची, इंदिरानगरला राहते. चौदा वर्षं अंबड एमआयडीसीत क्वालिटीमध्ये, म्हणजे माल तपासून पास करायच्या खात्यात, काम केलं, आजही त्याच क्षेत्रात आहे. तीन वर्षांपूर्वी माझी अशी अवस्था झाली की सकाळी कंपनीच्या पार्किंगमध्ये स्कूटर लावून मी वीस वीस मिनिटं तशीच उभी राहायचे, आत जायला पाय उचलायचा नाही. त्यातून बाहेर यायला जवळजवळ वर्ष गेलं. तेव्हापासून ओळखीतल्या, मग त्यांच्या ओळखीतल्या लोकांचे फोन येतात, बहुतेक रात्री साडेनऊनंतर, ओटा आवरून झाला की, आणि प्रश्न तेच तेच असतात. म्हणून सगळं एका जागी लिहून काढलंय. मी डॉक्टर नाही. जे वाचलं, माझ्या डॉक्टर आणि काउन्सेलर मॅडमकडून जे कळलं आणि जे अंगावरून गेलं, तेच इथे आहे.

बर्नआऊट म्हणजे नक्की काय? थकवाच ना?

थकवा त्यात असतो, पण तेवढंच असतं तर दोन दिवस झोपून भागलं असतं. आपल्याकडे यासाठी शब्द जुने आहेत, जीव विटला, उबग आला, मेटाकुटीला आलो. बर्नआऊट हा शब्द रूढ झाला तो १९७४ मध्ये, हर्बर्ट फ्रॉयडनबर्गर नावाच्या न्यूयॉर्कमधल्या मानसशास्त्रज्ञामुळे. तो एका मोफत दवाखान्यात काम करायचा, तिथे जीव ओतून राबणारे स्वयंसेवक काही महिन्यांत आतून रिकामे होताना त्याने पाहिले आणि त्याचं स्वतःचंही तेच झालं होतं. मला ही गोष्ट फार धीर देते कारण हा कामचुकारांचा त्रास म्हणून सुरूच झाला नाही, ज्यांना कामाची सगळ्यात जास्त आस होती त्यांच्यातच तो पहिल्यांदा दिसला.

पुढे क्रिस्टिना मॅस्लॅक यांनी १९८१ मध्ये तो मोजायची प्रश्नावली काढली, त्यात तीन गोष्टी धरल्या आहेत. पहिली, भावनिकदृष्ट्या पार संपून जाणं. दुसरी, कामाबद्दल आणि माणसांबद्दल मन कोरडं होणं. तिसरी, आपण जे करतो त्याला काही अर्थ नाही, आपल्याला काही जमत नाही असं वाटत राहणं. २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या नव्या यादीत बर्नआऊटची नोंद केली, पण आजार म्हणून नाही, नोकरीतला ताण दीर्घकाळ आटोक्यात न आल्यामुळे होणारी अवस्था म्हणून. म्हणजे तुमच्यात काही बिघाड आहे असं त्या व्याख्येत कुठेही नाही.

मला तेच झालंय हे ओळखू कसं?

लोक थकव्याची वाट बघत बसतात, माझ्या बाबतीत मात्र दुसरी खूण आधी दिसली, मन कोरडं पडलं. माझ्या लाइनवरच्या एका मुलीच्या बोटाला लागलं, टाके पडले, आणि माझ्या डोक्यात पहिला विचार आला की आता तिच्या जागी उभं कोणाला करायचं. दोन दिवसांनी मला त्या विचाराची भीती वाटली, कारण ती मुलगी माझ्या डब्यातली भाजी खायची, मला ताई म्हणायची. तेव्हा मला थकल्यासारखं सुद्धा वाटत नव्हतं, मी नेहमीपेक्षा जास्त काम करत होते.

मग बाकीचं आलं. रविवारी दुपारी चारनंतर पोटात गोळा. फोन वाजला की नाव बघायच्या आधीच चिडचिड. एक साधा मेल, चार ओळींचा, तो तीन वेळा उघडून बंद करायचा. मुलगा शाळेतलं काही सांगतोय आणि मी हं हं म्हणतेय आणि त्याने विचारलं मी काय म्हणालो सांग, तर सांगता आलं नाही. आवडीचं गाणं लावलं तर गोंगाट वाटायचा. झोप यायची पण साडेतीनला डोळे टक्क उघडे. एकेक वेगळं घेतलं तर कोणालाही होतं हे, कंपनीत डिस्पॅचचा, म्हणजे माल रवाना करायचा, आठवडा असला की सगळ्यांनाच होतं. पण डिस्पॅच संपला, आठवडा गेला, महिना गेला आणि तरी तुम्ही पूर्वीच्या जागी परत आला नाहीत तर मग थांबून बघायला हवं. माझ्यापुरती मी एकच परीक्षा ठेवलीय, दोन रात्री पोटभर झोपल्यावर तिसऱ्या दिवशी सकाळी कामाचा विचार केला तर कसं वाटतं? नुसता थकवा असेल तर ठीक वाटतं. मला तेव्हाही तितकंच जड वाटायचं.

अंगावर पण परिणाम होतो का?

होतो. ॲसिडिटी, डोकं, मान, पाळी पुढेमागे होणं, बीपी वर जाणं, सारखी सर्दी, हे मी स्वतः पाहिलंय. ताणाची संप्रेरकं सतत चढी राहिली की झोप बिघडते आणि झोप बिघडली की दुसऱ्या दिवशी तोच ताण दुप्पट जाणवतो, असं चक्र चालू राहतं. कामाच्या तासांबद्दल तर स्पष्ट आकडेच आहेत, जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०२१ मध्ये मांडलेत, आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा जास्त तास करणाऱ्यांमध्ये पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी जास्त आढळला. आपल्याकडे सहा दिवस साडेनऊ तास भरले की ५७ होतात, आणि त्यात सिन्नर फाटा नाहीतर द्वारका सर्कलचं ट्रॅफिक मोजलेलंच नाही.

पण मला वाटतं हे मनाबिनाचं काही नाही, बी-१२ कमी असेल.

असू शकतं, म्हणून आधी रक्त तपासून घ्याच. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२, डी जीवनसत्त्व, साखर, एवढं फॅमिली डॉक्टरला सांगितलं तर ते लिहून देतात. देशातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय आहे असं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आलंय, तेव्हा बाईमाणसाचा थकवा थेट मनावर ढकलणं चूकच आहे. माझं हिमोग्लोबिन साडेनऊ निघालं होतं. गोळ्यांनी ते बाराच्या वर आलं, जिना चढताना लागणारा दम गेला, पार्किंगमध्ये उभं राहणं मात्र तसंच राहिलं. तेव्हा मला कळलं की त्रास दोन होते.

डिप्रेशन आणि बर्नआऊट एकच का?

एक नाही, पण सीमेवर बऱ्यापैकी सरमिसळ आहे आणि घरबसल्या ठरवायला जाऊ नका. ढोबळमानाने बर्नआऊट कामाला चिकटलेला असतो, कामापासून खरंच लांब गेलं की थोडा तरी सैल पडतो. डिप्रेशन सगळीकडे सोबत येतं, माहेरी गेलात तरी, आवडतं माणूस समोर बसलं तरी. आणि बर्नआऊट फार लांबला तर पुढे डिप्रेशन होऊ शकतं.

जगण्यात अर्थ नाही, मी नसले तर बरं होईल, असे विचार येत असतील तर पुढचं काही वाचत बसू नका. टेली मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर १४४१६, फुकट आहे, चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं. ऑक्टोबर २०२२ पासून ही सरकारी सेवा चालू आहे. आणि घरातल्या एका माणसाला आत्ताच्या आत्ता शेजारी बसवा.

मी नोकरी करत नाही, घरीच असते. मला कसला बर्नआऊट?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो आणि विचारणारीचा आवाज नेहमी खाली गेलेला असतो. व्याख्येत नोकरीचंच नाव आहे हे खरं, पण शरीराला पगाराची स्लिप दिसत नाही. बेल्जियममधल्या इझाबेल रॉस्कॅम आणि मोइरा मिकोलायझाक यांनी तर आईबापांच्या बर्नआऊटवर वेगळं काम केलंय, मुलांचं सगळं नेमाने करायचं पण आतून त्यांच्यापासून तुटल्यासारखं वाटायचं, असं त्याचं स्वरूप आहे. अशी आई वाईट नसते, तिच्यातलं संपलेलं असतं.

आपल्या सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जातो आणि पुरुषांचा ९७ मिनिटं, असं आलंय. म्हणजे पाच तास आणि दीड तास. पण माझं म्हणणं असं की मिनिटांत पकडता येत नाही तोच भाग जास्त पिळतो. सासऱ्यांच्या गोळ्या गुरुवारी संपतायत, गॅसचा नंबर लावायचाय, व्हॅनवाल्याचे पैसे, उद्या चतुर्थी म्हणजे साबुदाणा आज रात्री भिजला पाहिजे, मुलाचा प्रोजेक्ट, कामवाली परवा येणार नाही. हे सगळं एका डोक्यात चोवीस तास फिरत असतं आणि ते डोकं बाईचं असतं, मग ती नोकरी करो नाहीतर न करो.

त्यात नाशिकचं घर म्हणजे पाहुण्यांचं घर. कोणाला त्र्यंबकला नारायण नागबळी करायचाय, ती तीन दिवसांची पूजा, उतरणार आपल्याकडे. कोणाला वणीला जायचंय, कोणाला पंचवटी दाखवायची. आणि २०२७ चा सिंहस्थ तर समोरच आहे, आमच्या घरी आत्तापासून तीन कुटुंबांनी सांगून ठेवलंय. मला माणसं येणं आवडतं, मनापासून आवडतं, पण पूर्वी मी प्रत्येकाला गरम पोळी वाढायचीच असा हट्ट धरायचे, तो सोडला. आता फोनवरच सांगते, या, राहा, सकाळचं घरी आणि संध्याकाळचं पोळीभाजी केंद्रातून. एका मावशींना ते खटकलं. बाकी कोणाला काही वाटलं नाही.

आणि घरात मदत या शब्दावर माझा राग आहे. मदत करतो म्हटलं की काम तुझंच राहतं, तो फक्त हात लावतो, आणि काय करायचं ते पुन्हा तूच सांगायचं. त्यापेक्षा पूर्ण काम दुसऱ्याच्या नावावर करा. आमच्याकडे सकाळचा नाश्ता नवऱ्याच्या नावावर आहे, म्हणजे काय करायचं ठरवणं, सामान आहे का बघणं, रात्री भिजत घालणं, करणं, सगळं त्याचं. पहिले दोन आठवडे रोज पोहेच झाले. मी काही बोलले नाही आणि ते न बोलणं मला सगळ्यात जड गेलं, पण तिसऱ्या आठवड्यात त्याने आपणहून सासूबाईंना घावन कसे करायचे विचारलं.

आमचा द्राक्षबाग आहे, दिंडोरीकडे. शेतकऱ्याला असं होतं का?

होतं हो, फक्त त्याला कोणी हे नाव देत नाही. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी, मग डाऊनी रोगाची भीती, ढग दिसले की रात्री बेरात्री फवारणी, वर्षभराचा पैसा वेलीवर लटकलेला आणि बेमोसमी पावसाची एक रात्र पुरते. माझा मामेभाऊ निफाडकडे बाग करतो, त्याच्याकडे बघून सांगते, बागाईतदाराला रविवार नसतो आणि साहेबही नसतो ज्याला रजा मागावी. त्याच्याबाबतीत उपयोग कशाचा झाला तर दोन गोष्टींचा. कर्जाचा हिशेब एकट्याच्या डोक्यातून काढून वहिनीसमोर कागदावर मांडला, आणि शेजारच्या बागवाल्याशी बोलून फवारणीच्या रात्री वाटून घेतल्या. पैसे त्याने वाढले नाहीत, पण त्या मोसमात तो पहिल्यांदा सलग सात तास झोपला. अशा घरात माणूस गप्प गप्प झाला, देणी मिटवायची, सामान वाटून टाकायची भाषा करू लागला, तर वर दिलेला नंबर त्याच्यासाठीही आहे आणि तुमच्यासाठीही.

मी दहा दिवस सुट्टी घेतली, छान वाटलं, आणि परत आल्यावर आठवड्यात जैसे थे. असं का?

कारण सुट्टीने तुम्ही बदललात, काम बदललं नाही. हे मला कळायला सगळ्यात उशीर लागला म्हणून जरा सविस्तर लिहिते. मी माहेरी येवल्याला गेले, आईच्या हातचं खाल्लं, दुपारी झोपले, चेहरा उतरला होता तो भरून आला, सगळे म्हणाले आता बरी दिसतेस. कामावर हजर झाल्यावर आठव्या दिवशी मी पुन्हा पार्किंगमध्ये उभी. मग मी स्वतःला दोष द्यायला लागले की एवढी विश्रांती घेऊनही मला जमत नाही म्हणजे माझ्यातच काहीतरी कमी आहे.

काउन्सेलर मॅडमनी मला सहा गोष्टी लिहायला लावल्या, त्या मॅस्लॅक आणि मायकल लायटर यांच्या अभ्यासातल्या आहेत. काम किती आहे. त्यावर माझा ताबा किती. मोबदला आणि कौतुक मिळतं का. सोबतची माणसं कशी आहेत. न्यायाने वागवलं जातं का. आणि जे करायला लागतं ते माझ्या मनाला पटतं का. मला खात्री होती की माझा प्रश्न पहिला आहे, काम जास्त. लिहिता लिहिता कळलं की तास तर आधीही तेवढेच होते. बदललं होतं ते शेवटचं. तेव्हाच्या कंपनीत महिनाअखेरीला टार्गेटसाठी माल सोडायचा दबाव यायचा, मला माहीत असायचं की लॉट संशयास्पद आहे, तरी सही माझी. आणि दुसऱ्या दिवशी कस्टमरची तक्रार आली की मीटिंगमध्ये उभी मी. रोज स्वतःच्या कामाच्या विरोधात सही करत होते मी, येवल्याला जाऊन ते कसं बरं होणार होतं?

म्हणून मी सगळ्यांना हे सहा लिहायला सांगते, चहा घेऊन, कागदावर, मोबाइलवर नको. एखाद्याला कळतं की काम ठीक आहे पण बाजूला बसणारा माणूस रोज टोचून बोलतो. एखाद्या शिक्षिकेला कळतं की शिकवणं तिला अजून आवडतं, ती संपलीय ती फॉर्म आणि ऑनलाइन माहिती भरण्यात. एकाला पगारवाढीचा राग तीन वर्षं मनात होता. कुठे गळतंय ते सापडलं की निदान तिथे बोट तरी ठेवता येतं. विश्रांती लागतेच, ती घ्याच, पण ती घेऊन परत त्याच जागी तसंच उभं राहिलात तर तेच होणार.

साहेबांशी कसं बोलू? ते म्हणतील सगळ्यांनाच ताण आहे.

म्हणतीलच. म्हणून मला ताण आहे इथून सुरुवात करू नका, कामापासून करा. मी एक कागद नेला होता, त्यावर माझ्याकडची अकरा कामं आणि प्रत्येकाला आठवड्याला किती तास जातात ते लिहिलं होतं, बेरीज एकसष्ट. आणि म्हणाले, सर, यातली अठ्ठेचाळीस तासांत बसतील एवढी कोणती ते तुम्ही सांगा, बाकीची कोणाकडे द्यायची ते पण ठरवू. ते पहिल्यांदा चिडले. पण कागद समोर होता, त्यांनी तो उचलून वाचला आणि दोन रिपोर्ट असे निघाले जे कोणीच वाचत नव्हतं. ते बंद झाले. बाकीचं पूर्ण सुटलं नाही, पुढे मी जागाच बदलली, पण त्या दोन रिपोर्टचे पाच तास मला मिळाले. बोलून झालं की त्याच दिवशी ठरलेलं मेलवर टाका, चार ओळी, भाषा नम्र.

कारखान्यातल्या कामगारांसाठी आठवड्याला ४८ तासांची मर्यादा कायद्यात आहे आणि त्यावरच्या ओव्हरटाइमला दुप्पट दर. पगार २१ हजारांपर्यंत असेल तर ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, असतो, त्यात डॉक्टरने आजारपणाचा दाखला दिला आणि तुमची वर्गणी पुरेशी भरलेली असली तर वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळते. सातपूरला ईएसआयचं हॉस्पिटल आहे. कित्येकांना कार्ड खिशात असून हे माहीत नसतं, बिनपगारी रजा टाकून घरी बसतात.

तीन शिफ्ट आहेत, झोपायचं कधी?

थर्ड, म्हणजे रात्रपाळी, करून आल्यावर गॉगल लावून घरी या, उन्हाने मेंदू जागा होतो. खोली पूर्ण अंधारी, जाड चादर लावा खिडकीला, बेल बंद, फोन दुसऱ्या खोलीत, आणि घरच्यांना सांगून ठेवा की साडेआठ ते तीन मी घरी नाही असं समजा. शिफ्टच्या शेवटच्या पाच-सहा तासांत चहा-कॉफी टाळा, कारण कॅफिन निम्मं उतरायलाच तेवढा वेळ लागतो. आणि एक कळकळीने सांगते. सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसाची चपळाई रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसाएवढी खाली येते असं प्रयोगांत दिसलंय, आपल्याकडे गाडी चालवायची कायद्याची मर्यादाच ०.०३ आहे. थर्ड सुटल्यावर सिन्नरहून बाइक मारत येऊ नका, कंपनीची बस घ्या, नाहीतर तिथेच पाऊण तास झोपून मग निघा.

रोज पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला अप-डाऊन करतो, वेळच नाही कशाला.

मग गाडीतला वेळ तरी ऑफिसला देऊ नका. जाताना हवं तर मेल बघा, येताना लॅपटॉप बंद. जमेल तिथे आठवड्यातला एक दिवस घरून काम मागून बघा, तो एक दिवस सात-आठ तास परत देतो.

योगा, ध्यान, चालणं यांनी फरक पडतो का?

पडतो, पण त्यांच्याकडून चमत्काराची अपेक्षा धरू नका. मी पहाटे गोल्फ क्लबच्या ग्राउंडवर चालायला जायचे, सुरुवातीला दोनच फेऱ्या, कोणाशी न बोलता. त्याने झोप सुधारली. जोरात व्यायाम तेव्हा झेपत नव्हता, दुसऱ्या दिवशी अंग गळून जायचं, म्हणून पहिले दोन महिने नुसतं चालणं. पण कंपनीने महिन्यातून एकदा ध्यानाचं सेशन ठेवायचं आणि माणसं कमी आहेत ती भरायची नाहीत, असं असेल तर त्या ध्यानाने काही होत नाही, उलट वेळ जातो.

माझ्या अनुभवात जास्त उपयोग झाला तो कामातून मन सोडवण्याचा. झाबीने झोनेनटाग या जर्मन संशोधिकेचं यावर बरंच काम आहे, काम संपल्यावर डोक्यातूनही काम गेलं तर माणूस सावरतो, आणि नुसतं शरीर घरी आलं तर नाही. मी एक सवय लावली, घरी शिरायच्या आधी उद्याची पहिली तीन कामं चिठ्ठीवर लिहून पर्सच्या बाहेरच्या कप्प्यात टाकायची, मग कुलूप उघडायचं. कंपनीचा ग्रुप रात्री आठनंतर म्यूट. पहिल्या आठवड्यात हात शिवशिवायचे. आणि काहीतरी असं हवं ज्यात हात गुंततात, माझं भरतकाम होतं, नवऱ्याच्या मित्राला सोमेश्वरला नदीकाठी बसून स्केच काढायला आवडतात. रील बघणं यात मोडत नाही, तास जातो आणि डोकं आणखी भणभणतं.

काउन्सेलरकडे जाऊ की सायकियाट्रिस्टकडे? खर्च किती?

सायकियाट्रिस्ट म्हणजे एमडी डॉक्टर, गोळ्या देऊ शकतात. काउन्सेलर किंवा सायकॉलॉजिस्ट बोलून उपचार करतात, गोळ्या देत नाहीत. झोप अजिबात नाही, जेवण सुटलंय, रडू थांबत नाही, तर आधी सायकियाट्रिस्ट. नाहीतर काउन्सेलरपासून सुरुवात चालते. मला तीन महिने झोपेसाठी गोळी होती, नंतर डॉक्टरांनीच हळूहळू बंद केली, स्वतःच्या मनाने बंद करू नका. खासगीत खर्च परवडत नसेल तर त्र्यंबक रोडच्या सिव्हिलमध्ये विचारा, आणि टेली मानसवरून पुढे कुठे जायचं तेही सांगतात. मेडिक्लेम असेल तर पॉलिसी काढून वाचा, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच विमा संरक्षण द्यावं लागतं, फक्त ओपीडीची फी बऱ्याच पॉलिसींत बसत नाही.

कॉलेज रोडला दवाखान्यात कोणीतरी ओळखीचं दिसेल म्हणून दोन महिने गेले नाही असं मला एकीने सांगितलं. दिसलं तर दिसलं. मला तिथे वेटिंगमध्ये माझ्या मुलाच्या शाळेतली एक आई भेटली होती, आम्ही दोघी एकमेकींकडे बघून नुसत्या हसलो आणि आज ती माझी जवळची मैत्रीण आहे.

नोकरी सोडून देऊ का?

सगळ्यात वाईट आठवड्यात हा निर्णय घेऊ नका, एवढं सांगते. थकलेल्या डोक्याला दोनच रस्ते दिसतात, सहन करा नाहीतर सोडा. आधी झोप जाग्यावर येऊ द्या, ते सहा मुद्दे लिहा, खातं बदलून मिळतं का बघा, मोठी रजा मिळते का बघा. माझ्या बाबतीत शेवटी मी कंपनी बदलली, पगार थोडा कमी झाला, पण इथे रिजेक्ट म्हटलं की माल थांबतो. घरात पैशाची गरज असते, हप्ते असतात, सोडा म्हणणं सोपं आहे, हे मला कळतं. सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला असेल तर बोलतानाही आवाज वेगळा निघतो, तेव्हा सोडणार नसलात तरी ते साठवायला लागा. पण रोज अपमान होतोय, शिवीगाळ आहे, तब्येत ढासळतेय, तर तिथे वाट बघण्यासारखं काही उरत नाही.

किती दिवसांत बरं वाटतं?

दिवसांत नाही, महिन्यांत. पहिले सहा आठवडे मी फक्त झोपले आणि मला वाटायचं मी आणखी बिघडतेय, मॅडम म्हणाल्या इतके दिवस ताणून धरलेलं आता सुटतंय. तिसऱ्या महिन्यात एक दिवस पेपर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचला तेव्हा लक्षात आलं की अक्षरं परत डोक्यात शिरतायत. मध्येच एखादा आठवडा पूर्ण खाली जायचा. आठव्या महिन्यात मुलाबरोबर अंजनेरी चढले, अर्ध्यात बसून डबा खाल्ला. आजही सलग तीन दिवस साडेतीनला जाग आली की मी त्या आठवड्यातलं एखादं काम मुद्दाम काढून टाकते, कारण विचारत बसत नाही.

माझ्या बायकोला असं झालंय, मी काय करू?

हे विचारणारे पुरुष वाढलेत याचं मला फार बरं वाटतं. तिला पॉझिटिव्ह राहा सांगू नका, तुझ्यापेक्षा जास्त ताण असलेली माणसं आहेत हेही नको. फिरायला नेऊ का विचारू नका, कारण फिरायला जायचं म्हणजे बॅगा तीच भरणार. काही हवं का असंही विचारू नका, त्याचं उत्तर शोधायला सुद्धा तिच्यात ताकद नसते. घरातली दोन कामं निवडा, ती कायमची स्वतःच्या नावावर करा आणि तिला फक्त कळवा. माझ्या सासूबाई, वय एकोणसत्तर, एका सकाळी सहाला स्वयंपाकघरात आल्या, माझ्या हातातलं लाटणं काढून घेतलं आणि म्हणाल्या, जा, झोप, डब्याचं मी बघते, आणि त्यांच्या मुलाला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, हाक मारून म्हणाल्या, ऊठ, कणीक तू मळ. त्या दिवशी मी साडेनऊपर्यंत झोपले, उठले तेव्हा मुलगा शाळेत गेलेला होता आणि ओट्यावर माझ्यासाठी दोन पोळ्या झाकून ठेवलेल्या होत्या.